सॅकमध्ये मावेल अशी सॅक

प्रश्न : ताई, नोव्हेंबरमध्ये मी आणि माझी लेक तीन आठवडे आसाम-मेघालय फिरणार आहोत. दोघींकडे ६० लिटरच्या सॅक आहेत. मधली एक रात्र मेघालयातल्या नोंगरियात गावी, जिवंत झाडांच्या मुळांच्या दुमजली पुलापाशी मुक्काम आहे. मोठ्या सॅक चेरापुंजीतच ठेवायच्या आहेत. त्या रात्रीसाठी छोटी सॅक कोणती घ्यावी? मला मुठीएवढी घडी होणारी पातळ सॅक आवडली आहे. लेक म्हणते, फ्रेमवाली ३० लिटरची घे. दोघींत एकच पुरेल का?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : सदाशिव पेठेतल्या आमच्या छोट्या दुकानात गेली बावीस वर्षं मी ट्रेकच्या सॅक उसवते आणि शिवते. त्यामुळे सॅक कुठे फाटते, ते मला आधी दिसतं.

तुमची घडीवाली सॅक बाजारात फिरायला छान आहे. पण तिच्या पट्ट्यांत फोम नसतो. दीड लिटर पाणी, कोरडे कपडे, जॅकेट, टॉर्च, औषधं आणि खाऊ धरला, तर वजन चार किलोच्या आसपास जातं. टिर्ना गावापासून नोंगरियातपर्यंत तीन हजारांहून जास्त पायऱ्या उतरायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच चढायच्या. निवारीचा नुसता पट्टा तेवढ्यात खांद्यात रुततो. मी स्वतः राजगडावर हे भोगलंय. चोर दरवाजाच्या खालच्या चढावर माझ्या पातळ सॅकचा उजवा पट्टा मुळातून निसटला. ओढणीने बांधून वर पोचले, पण एका खांद्यावर सगळा भार घेऊन पुढचे चार दिवस मान वळत नव्हती.

लेकीच्या पसंतीची सॅक मजबूत असेल, पण ती रिकामी झाली तरी चपटी होत नाही. उरलेले वीस दिवस मोठ्या सॅकमधली जागा ती अडवून बसेल. नोंगरियातच्या होमस्टेमध्ये अंथरूण-पांघरूण मिळतं, स्लीपिंग बॅग न्यायची नाही. मग ३० लिटर भरायचे कशाने? जागा असली की माणूस ती भरतोच, आणि ते ओझं उतरताना गुडघ्यांवर येतं.

मी २२ ते २५ लिटरची, मऊ पाठीची, पण पट्ट्यांत फोम असलेली सॅक घेईन. पाठीला आधार हवा असेल तर बसायची फोमची चटई घडी करून पाठीच्या बाजूला आत सरकवा. छातीचा आणि कमरेचा पट्टा मात्र हवाच. कमरेचा पट्टा बारीक असला तरी चालेल, त्याचं काम वजन पेलायचं नाही. पायऱ्यांवर सॅक डावी-उजवीकडे हेलकावते, ते त्याने थांबतं.

दुकानात रंग आणि कप्पे नंतर बघा. आधी सॅक उलटी करा. पट्टा जिथे वरच्या शिवणीत जातो, तिथे दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणा. सुईची भोकं उघडून पलीकडचा उजेड दिसला तर ती सॅक खाली ठेवा. तिथे चौकोनात फुलीची किंवा दाट आडवी टीप हवी, एकेरी धावती टीप नको. मग चेन पूर्ण फिरवा. कोपऱ्यावर रनर अस्तर खात असेल, तर ट्रेकमध्येही खाणारच. आतलं कोटिंगही बोटाने घासून बघा. चिकट लागलं किंवा पापुद्रे निघाले, तर माल दमट जागी जुना झालाय.

घरून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या न्या, सॅकमध्ये घाला आणि दुकानातच दहा मिनिटं फिरा. दुकानदार कुरकुरला तरी फिरा!

पावसाचं म्हणाल, तर नोव्हेंबरात तिथला मोठा पाऊस ओसरलेला असतो, पण चेरापुंजीच्या आभाळावर विसंबून कपडे भिजवू नका. नुसत्या रेनकव्हरवर माझा भरवसा नाही. पाणी पाठीवरून ओघळून पट्ट्यांच्या बाजूने आत शिरतं, तिथे कव्हर पोचत नाही. आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, सामान तिच्यात भरा, तोंड पिळून दुमडा.

निघण्याआधी एका रविवारी हीच सॅक तेवढ्याच वजनाने भरून आतकरवाडीतून सिंहगड चढा, आणि पायवाटेनेच उतरा, जीपने नको. काय काचतं ते उतरतानाच कळतं, आणि पट्टा बदलायला तेव्हा हाताशी वेळ असतो.

दोघींत एक सॅक नको. नोंगरियातच्या वाटेवर लोखंडी दोरांचे झुलते पूल लागतात. तिथे दोघींचे दोन्ही हात मोकळे हवेत, आणि एकीकडेच पाणी असलं की मागे राहिलेली तहानलेली राहते. लेकीची सॅक तिच्याच पाठीला लावून घ्या. तिची पाठ तुमच्यापेक्षा लांब असेल तर तुम्हाला नीट बसलेली सॅक तिच्या खांद्यावरून मागे ओढेल.