गाउट, चिनी काढा आणि आपलं माशांचं ताट

पायाचा अंगठा टम्म सुजलाय, वर चादर टेकली तरी कळ जाते म्हणतोस, तर हा गाउट असू शकतो, म्हणजे रक्तात युरिक ॲसिड वाढून सांध्यात साचल्याचं दुखणं. आधी युरिक ॲसिड तपासून घे. गाउट निघाला तर ते ६ mg/dL च्या खाली ठेवायचंय. डॉक्टरांनी त्यासाठी ॲलोप्युरिनॉल दिलं, तर दुखणं थांबलं म्हणून मनाने सोडू नकोस.

चिनी वैद्यकात हे दुखणं सांध्यात ओल आणि उष्णता साचल्याचं मानतात. त्यावर ‘सी म्याव’ नावाचा चार वनस्पतींचा जुना काढा देतात. पण कुरिअरने येणारी बिननावाची पुडी घेऊ नकोस बाबा! काही चिनी मुळ्यांत ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं, त्याने किडनी कायमची जाते. आणि युरिक ॲसिड बाहेर टाकते ती किडनीच.

आता जेवण. मालवणात राहून मासे सोड असं कोण सांगणार? तारली, बांगडा, सुकट, तिसऱ्या मात्र कमी कर. ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं ते प्युरिन उकळताना पाण्यात उतरतं, म्हणून तिसऱ्यांचा रस्सा वाटी तोंडाला लावून ओरपणं बंद. बिअर नकोच. साखरेचं कोकम सरबतही जपून, त्यापेक्षा पातळ ताक बरं. कुळथाची पिठी खुशाल खा, कडधान्यांचा एवढा बाऊ नको. आणि श्रावणात कडकडीत उपास करू नकोस, त्यानेही युरिक ॲसिड चढतं.