मराठवाड्यात पुरोगामी विचारांच्या जोडप्याने कोणत्या शहरात स्थायिक व्हावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोघंही पुण्यात आयटीत, काम घरून चालतं, लग्न आंतरजातीय, आणि आता मराठवाड्यात 'आपल्या राजकीय विचारांना मानवेल' असं शहर हवंय, संभाजीनगर, लातूर की नांदेड. सोबत निवडणुकांचे जिल्हावार आकडेही जोडलेत. ते आधी बाजूला ठेवा.

२०२४ च्या लोकसभेला मराठवाड्यातल्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीला गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला इथंच महायुतीनं जवळपास सगळं झाडून नेलं. मधल्या सहा महिन्यांत आम्ही माणसं बदललो होतो का? आमच्या लातूर महापालिकेत २०१७ साली भाजप शून्यावरून ३६ वर गेला. बीडनं १९६७ ला क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाकडून दिल्लीला धाडलं होतं. तो निकाल बघून कुणी बीडमध्ये प्लॉट घेतला असता तर काय म्हणाला असतात? आकडे बघायचेच असतील तर निवडणुकीचा फॉर्म २० काढा, त्यात बूथवार मतं असतात. निदान गल्ली कळेल. खोली मात्र त्यावरून मिळत नाही.

माझंच सांगतो, कारण मी हा उद्योग केलेला आहे.

आमचं गाव उदगीरकडं. वडील हैदराबाद मुक्तिसंग्रामातले, नंतर जन्मभर समाजवादी. जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, तेव्हा मी सतरा वर्षांचा. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, हे गाव अजून अभिमानानं सांगतं. पण दलित वस्तीतल्या माणसांना आठ-दहा दिवस गिरणीत दळण मिळत नव्हतं, दुकानात मीठ मिळत नव्हतं. ठराव नाही, दवंडी नाही, सगळ्यांना आपोआप कळलं होतं. दादा, माझा थोरला भाऊ, तेव्हा गावात वजन राखून होता. तो एका शब्दानं बोलला नाही. ह्या गावात राहायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं.

१९८६ ला लातूरला ज्युनिअर कॉलेजात लागलो आणि १९९८ ला औसा रोडच्या मागं शिक्षकांच्या सोसायटीत प्लॉट घेतला. ४२ प्लॉट. माणसं बघून घेतला बरं का! सगळे एका संघटनेतले, प्रत्येकाच्या बैठकीत फुले-आंबेडकरांच्या तसबिरी, ११ आणि १४ एप्रिलचा मिळून एक कार्यक्रम, त्यात माझं भाषण ठरलेलं. गावी जाऊन दादाला ऐटीत सांगितलं, "माझ्या विचाराच्या माणसांत राहायला चाललोय." तो म्हणाला, "तिकडं ट्युशनला पोरं जास्त मिळतेत म्हणून चाललास." हा वाद अजून मिटलेला नाही.

मग आलं २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. आमच्या दारात महापालिकेचा टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा, घरामागं २०० लिटर. सोसायटीचं बोअर नुसती हवा ओढत होतं. म्हणून वर्गणी काढून खासगी टँकर लावला. प्रत्येकाच्या ड्रमवर ऑइलपेंटनं प्लॉट नंबर घातले. आमचा १७. पुढं कुणाच्या तरी ड्रममधलं पाणी कमी झालं आणि झाकणांना साखळ्या आल्या, साखळ्यांना कुलपं आली. सकाळी टँकर आला की प्राध्यापक मंडळी पायजम्यावर किल्ल्या शोधत पळायची.

एका रविवारी बैठक लागली. विषय असा की सोसायटीचा टँकर सभासदांपुरता, भाडेकरूंचं ज्याच्या त्याच्या घरमालकानं बघावं. अकरा बिऱ्हाडं भाड्यानं होती, त्यातली बहुतेक बौद्ध आणि मुसलमान. हे कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. सचिव माझा जुना मित्र, नामांतरासाठी तुरुंगात जाऊन आलेला. त्यानं पोटनियम काढून सभासदाची व्याख्या वाचून दाखवली आणि हात वर करायला सांगितलं. घामानं माझा चष्मा नाकावर घसरला होता, तो सारखा करायला मी हात उचलला. तो मोजतच होता, "एकवीस, बावीस, सर तेवीस." सर म्हणजे मी. मी हात खाली घेतला, पण 'माझा धरू नका' म्हणालो नाही. ४२ मध्ये बावीसही पुरत होते, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं आहे.

आमच्याच वरच्या दोन खोल्यांत एक नर्सबाई राहायच्या, सोबत आई आणि आठवीतला मुलगा. बैठकीला खुर्च्या कमी पडल्या म्हणून त्या मुलानंच आमच्या घरातल्या चार नेऊन दिल्या होत्या. त्या दिवसापासून बायको रोज रात्री दोन घागरी जिन्यात ठेवायची. मला म्हणाली एवढंच, "तुमची माणसं." मे संपायच्या आत नर्सबाई गंजगोलाईकडं राहायला गेल्या. जाताना किल्ली दिली आणि लाइट बिलाचे १४० रुपये मोजून दिले. मी नको म्हटलं, तर टेबलावर ठेवून गेल्या.

त्याच उन्हाळ्यात दादाचा फोन आला. "काय करूलालेत रे तुझ्या विचाराची माणसं? माझी हीर सगळ्या गावाला मोकळी हाय, वस्तीसकट." आता हे त्यानं अजून चारचौघांत सांगायचं थांबवलेलं नाही म्हणून इथं लिहितो. ती विहीर तहसीलदारानं टंचाईत अधिग्रहित केली होती. दिवसाचे ठरलेले पैसे दादाला मिळत होते आणि कागदावर त्याची सही आहे. शिवाय 'वस्तीसकट' हा शब्द बघा. गाव म्हटल्यावर वस्ती त्यात धरलेली असती तर 'सकट' जोडायची गरज काय होती?

आणि आमच्या सोसायटीत एकोणीस हात खाली राहिले होते, हे मी त्याला दरवेळी सांगतो. १९७८ ला गावात हात मोजायची वेळच आली नव्हती. तेव्हा गाव सोडलं ते बरोबरच केलं, ह्यावर मी ठाम आहे. त्या तेवीसमध्ये मी होतो, ही वेगळी गोष्ट. (ट्युशन घेत होतो, हेही खरं. लातूरच्या ज्युनिअर कॉलेजात कोण घेत नव्हतं?)

तर तुमचं शहर. संभाजीनगर मोठं आहे. १९५० साली बाबासाहेबांनी काढलेलं मिलिंद महाविद्यालय तिथं, विद्यापीठ तिथं. सभा, वाचन, चळवळ, तुमच्यासारखी चार जोडपी मिळतीलच. पण खोली बघायला गेलात की तिथंही आधी "आडनाव?" आणि आडनावावरून उमगलं नाही तर "गाव कोणतं? पाव्हणे कुठले?" नांदेडला मराठी, तेलुगू, उर्दू, पंजाबी सगळं एका बाजारात ऐकू येतं. मला ते शहर आवडतं, का ते सांगता येत नाही. लातूरचं वर सांगितलंच.

कुठंही जा, पण आधी वर्षभर भाड्यानं राहा आणि राहायला जायचं ते एप्रिलात जा. दिवाळीत सगळ्या कॉलन्या पुरोगामी असतात. घरमालकाला त्याचे विचार विचारू नका. टँकर आला तर भाडेकरूचा नंबर कितवा, एवढं विचारा. शेजारच्या भाडेकरूला एकटं गाठून विचारलंत तर आणखी उत्तम. मतदार यादीतलं नाव मात्र लगेच हलवा, फॉर्म ८ भरून. पुण्यात नाव ठेवून इथल्या राजकारणावर बोलणारे आमच्याकडं आधीच पुष्कळ आहेत.

एक राहिलं. मी दहा वर्षांपूर्वीचं सांगतोय, आणि मधे बरंच घडलं. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला, तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकाच पक्षाला मत देणारे दोन निवृत्त प्राचार्य, एक मराठा आणि एक ओबीसी, एकमेकांच्या गुड मॉर्निंगला उत्तर देत नाहीत. दोघंही त्या एकोणीसमधले. तुमच्या तक्त्यात ते एकाच रकान्यात येतील. आणि माझं सगळं मालकाच्या बाजूनं पाहिलेलं आहे, मी ह्या शहरात खोली शोधत कधी फिरलेलो नाही, तेही धरून चाला.

लातूरच ठरलं तर वरच्या दोन खोल्या सध्या रिकाम्या आहेत. आडनाव विचारणार नाही. पाण्याचं मात्र बायकोशी बोला.