सात-बारावरचे 'अ.पा.क.': काका मालक झाले का?

प्रश्न : आमचे मूळ घर सावंतवाडी तालुक्यात. मी दहा वर्षांचा असताना वडील वारले आणि आई मला घेऊन डिचोलीला आजोळी आली. सात-बारावर वडिलांच्या जागी माझे नाव लागले, त्यापुढे 'अ.पा.क.' आणि काकांचे नाव. मी पंधरा वर्षांचा असताना काकांनी काजूच्या बागेचा एक गट विकला. आता मी वीस वर्षांचा आहे, फेब्रुवारीत २१ पूर्ण होतील. राहिलेली जमीनही ते विकायला निघालेत. विचारले तर म्हणतात, "सात-बारावर माझं नाव आहे, मालक मीच." हे खरे का?

उत्तर : नाही. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. 'अज्ञान' म्हणजे १८ वर्षे पूर्ण न झालेला, आणि पालनकर्ता म्हणजे तोवर त्याच्या वतीने वहिवाट बघणारा. जमीन तुमची, काका फक्त राखणदार. शिवाय ही महसुलातली नोंद आहे, तिने मालकी मिळत नाही. गोव्यात आपल्याला एक-चौदाचा उतारा (तिथला जमिनीचा उतारा) वाचायची सवय असते, त्यामुळे सात-बारावरची ही तीन अक्षरे अनेकांना चकवतात.

तुम्ही १८ वर्षांचे झालात त्या दिवशी काकांचे काम संपले. राहिलेल्या जमिनीतला तुमचा हिस्सा पालनकर्ता म्हणून तुमच्या सहीशिवाय त्यांना विकता येणार नाही. तलाठ्याकडे किंवा महसूल खात्याच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर 'अ.पा.क. शेरा कमी करणे' असा अर्ज करा, सोबत जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडा. फेरफार (नोंदीतला बदल) होऊन शेरा निघेल.

विकलेल्या गटाचे मात्र नीट बघावे लागेल, आणि तेही लगेच. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे वडिलांच्या पश्चात नैसर्गिक पालक आई. काकांना न्यायालयाने पालक नेमले नसेल, तर कलम ११ नुसार केवळ 'सांभाळतो' म्हणून त्यांना अज्ञानाची मालमत्ता विकता येत नाही. असा व्यवहार मुळातच रद्दबातल. पण खरेदीखतावर पालक म्हणून आईची सही असेल, तर प्रकरण कलम ८ मध्ये जाते. न्यायालयाची पूर्वपरवानगी न घेता केलेली ती विक्री आपोआप रद्द होत नाही, ती तुम्हाला रद्द करून घ्यावी लागते. त्यासाठी मुदत कायद्यात सज्ञान झाल्यापासून तीनच वर्षे आहेत. म्हणजे तुमचा २१वा वाढदिवस. सही कोणाचीही असो, दावा त्याआधी दाखल झालाच पाहिजे. जमीन सावंतवाडीची म्हणून दावाही तिथल्याच दिवाणी न्यायालयात, डिचोलीत नव्हे.

काकांच्या वकिलाचा बचाव काय असेल, तेही सांगतो. जमीन एकत्र कुटुंबाची होती, वाटप झालेच नव्हते आणि काका कर्ते होते, असे ते म्हणतील. अविभक्त हिश्शाला कलम ८ लागत नाही आणि कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी कर्ता जमीन विकू शकतो, हा मुद्दा भक्कम आहे. म्हणून जुने फेरफार काढून एकच गोष्ट शोधा : काकांच्या नावापुढे कधी 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असे लिहिले होते का? की वडिलांचा हिस्सा आधीच वेगळा झाला होता? तुमची बाजू किती टिकेल ते बहुतांशी यावर ठरेल.

अजून एक गोष्ट तुमच्या पत्रात मला खटकली. वारस म्हणून फक्त तुमचेच नाव लागले आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात आईही पहिल्या वर्गातली वारस आहे, तिचे नाव गाळले गेले. तीही नोंद दुरुस्त करून घ्या. (वडील कायमचे गोव्याचे रहिवासी असते तर हिशेबच वेगळा झाला असता. गोवेकराच्या भारतात कुठेही असलेल्या मालमत्तेला गोव्याचाच वारसा कायदा लागतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे.)

या आठवड्यात सावंतवाडीच्या दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीखताची नक्कल काढा. आणि आईला आजच विचारा, त्या वर्षी काकांनी कुठल्या कागदावर तुझी सही घेतली होती का. विचारताना आवाज चढवू नका. नवरा गेलेल्या बाईपुढे दिराने कागद ठेवला, की तो वाचून बघायची मुभा तिला बहुधा नसतेच.