वकीलपत्राआधीचा कागद

बेळगाव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. खानापूर तालुक्यातल्या त्या विधवा बाईंनी हातात रोख नाही म्हणून वाटपाच्या दाव्यात मिळणाऱ्या जमिनीतला हिस्सा तुला देऊ केला आणि तू "बघू पुढे" म्हणून त्यांना परत पाठवलेस. हिस्सा घेता येत नाही. वकिलांच्या वागणुकीचे नियम करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला विसावा नियम निकालावर फी ठरवायला आणि मिळकतीत वाटा मागायला मनाई करतो. पण मला राग आला तो तुझ्या "बघू"चा. आकडा पहिल्याच दिवशी सांगावा आणि कागदावर लिहून द्यावा.

मी तसे केले नव्हते. निपाणीकडच्या एका वृद्ध अशिलाला मी "तुमच्या मर्जीने द्या" असे म्हणालो. तो दर तारखेला कारकुनाकडे काही पैसे ठेवी. त्याच्या हिशेबी ती फी होती, माझ्या हिशेबी किरकोळ खर्च. अकराव्या वर्षी त्याने वकील बदलायचे ठरवले, तेव्हा बाकी चुकती होईपर्यंत कागद देणार नाही म्हणून मी त्याला जिन्यावर तिष्ठत ठेवले. फीसाठी वकिलाला फाइल अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले. माझी गोष्ट त्याआधीची, अशी समजूत मी स्वतःची बरीच वर्षे घातली. आमच्या पिढीत पैशांचे तोंडाने बोलणे हलके मानत, हेही खोटे नाही. त्या म्हाताऱ्याला मात्र त्याचा काय उपयोग?

म्हणून आकडा सांग. दाव्याची ठोक रक्कम सांग, किंवा दाखल करणे, साक्षीपुरावा आणि युक्तिवाद यांची वेगवेगळी. हप्ते खुशाल पाडून दे. कोर्ट फी, नकला, जुन्या मराठी खरेदीपत्रांचे कन्नड भाषांतर हे खर्च फीत मिसळू नकोस, आणि अपील जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात गेले तर त्याची फी निराळी, हेही आजच लिही. संकोचाने आकडा कमी करू नकोस. आधी थोडे सांगून मग तारखेगणिक मागणारा वकीलच अशिलाला महाग पडतो.

तेवढेही झेपत नसेल तर बाईंना विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठव. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. हे लपवून फी घेणार असशील तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

कागद मराठीत लिही. तो न्यायालयात दाखल करायचा नाही, तेव्हा कन्नडचा प्रश्नच येत नाही, आणि बाईंना तो घरी नेऊन मुलांकडून वाचून घेता येईल. त्यांनी तो वाचून परत आणला की मगच वकीलपत्रावर सही घे.