बंगला कुठला ते नंतर. आधी ३१ जुलै

बडोद्याहून एका वाचकांचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा:

"मी ५८ वर्षांचा. इथल्याच एका खासगी कंपनीत आहे, दोन वर्षांनी निवृत्त होईन. पगार वर्षाला २४ लाख, घरखर्च महिन्याला ९० हजार, पीएफ १ कोटी १० लाख. पत्नी ५५ वर्षांची, घर सांभाळते. मुलगी पुण्यात नोकरीला. ओल्ड पादरा रोडवर स्वतःचा फ्लॅट आहे, शिवाय दांडिया बाजारातल्या वाड्यात वडिलांकडून आलेला पाचवा हिस्सा. भायलीचा एन.ए. (बिगरशेती) प्लॉट २००४ मध्ये ९ लाखांना घेतला होता, तो १८ डिसेंबर २०२५ ला ४ कोटींना विकला. तेव्हापासून दर रविवारी चहाच्या वेळी आमचा खेळ चालतो: मोठ्या घरात राहायचे तर कुठे? गोव्यात हळदोण्याला दुरुस्त केलेले पोर्तुगीजकालीन घर आहे, सव्वाचार कोटी; एजंट म्हणतो, पर्यटकांना दिले तर वर्षाला १० टक्के सुटतात. तमिळनाडूत कारैकुडीला चेट्टियार व्यापाऱ्यांचा वाडा आहे, तीन कोटी. कसौलीला डोंगरउतारावरचा बंगला आहे. आणि इथेच सेवासीकडे बागेसकट बंगला, साडेतीन कोटी. तुम्ही आमच्या जागी असता तर कुठला घेतला असता? घाई काहीच नाही. पैसे गुंतवलेले असल्यामुळे टॅक्सचा प्रश्न मिटला आहे. बँकेच्या मॅनेजरनी जानेवारीत एक गॅरंटीड इन्कम पॉलिसी करून दिली. पाच वर्षे दरवर्षी ५० लाख भरायचे, सात वर्षे पूर्ण झाली की पुढची २० वर्षे दरवर्षी २५ लाख मिळणार. म्हणजे १० टक्के, तेही करमुक्त. उरलेले साडेतीन कोटी एफडीत आहेत, पुढचे हप्ते त्यातून आपोआप जातील."

तुमचा रविवारचा खेळ मला आवडला, आणि त्याचे उत्तर मी देणार आहे. पण पत्रातले एक वाक्य वाचून मी तिथेच थांबलो: "टॅक्सचा प्रश्न मिटला आहे." तो मिटलेला नाही. तो सुरूही झालेला नाही, कारण तुम्ही तो अजून हातातच घेतलेला नाही.

पैसे कुठेतरी गुंतवले की भांडवली नफ्यावरचा कर टळतो, हा समज मी इतक्या सुशिक्षित माणसांकडून ऐकतो की आता त्याचा राग येतो; त्यांचा नव्हे, तो समज तसाच राहू देऊन वर पॉलिसी विकणाऱ्यांचा. कर टळतो तो कायद्याने नावानिशी सांगितलेल्या ठिकाणी पैसे गेले तरच. प्लॉट विकणाऱ्यासाठी अशा जागा मुख्यतः दोन. आयकर कायद्याच्या कलम ५४एफ प्रमाणे भारतातले एक राहते घर, किंवा कलम ५४ईसी चे रोखे, म्हणजे ठराविक सरकारी कंपन्यांचे बाँड. विमा पॉलिसी यात नाही. एफडीही नाही.

हिशेब करू. ४ कोटींतून ९ लाख वजा, नफा ३ कोटी ९१ लाख. त्यावर १२.५ टक्के म्हणजे ४९ लाख. अधिभार आणि उपकर धरून ५८ लाखांच्या आसपास. महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी भरायचा पर्याय तुम्हाला आहे, पण ९ लाखांचे निर्देशांकाने ३० लाख होतात आणि कर त्याहून बराच जास्त येतो, तेव्हा तो सोडून द्या. खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापला असेल, म्हणजे ४ लाख. ते तुमच्या नावावर जमा आहेत, पण त्याचाच दुसरा अर्थ असा की हा व्यवहार आयकर खात्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. विक्री १५ डिसेंबरनंतरची, त्यामुळे आगाऊ कर १५ मार्चपर्यंत भरायला हवा होता. भरला नसेल तर १ एप्रिलपासून महिन्याला १ टक्का व्याज चालू आहे, साधारण अर्धा लाख दर महिन्याला. सूट घ्यायची नसेल तर त्यासाठी ३१ जुलैची, म्हणजे विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेची, वाट पाहू नका, याच आठवड्यात भरा.

आता ती पॉलिसी. २५ लाखांना अडीच कोटींनी भागून १० टक्के काढणे ही भागाकाराची फसवी रीत आहे. त्यात तुमचे स्वतःचे मुद्दल परत येते तेही उत्पन्न म्हणून मोजले जाते, आणि पहिली सात वर्षे हाती काही पडत नाही हे मोजलेच जात नाही. पैसे गेल्या-आल्याच्या तारखा धरून खरा परतावा काढला तर तो सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतो. आणि करमुक्त? १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पारंपरिक पॉलिसींचा मिळून वार्षिक हप्ता ५ लाखांवर गेला, की भरलेल्या हप्त्यांपेक्षा जास्त मिळणारी रक्कम करपात्र असते. तुमचा हप्ता त्या मर्यादेच्या दहापट आहे. निवृत्तीनंतरही ३० टक्क्यांच्या टप्प्यात राहिलात तर हातात चारच्या आसपास उरेल. साध्या एफडीचे व्याज यापेक्षा वाईट नाही, आणि ती मोडता येते. ५८ वर्षांच्या माणसाला, ज्याचा पगार दोन वर्षांत बंद होणार, पाच वर्षे ५० लाखांचा हप्ता विकणाऱ्याने तुमचा विचार केलेला नाही. हे मी जपून शब्द वापरून लिहितो आहे.

यातून बाहेर कसे पडायचे? पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. जानेवारीत कागद मिळाला असेल तर ती मुदत गेली. पण तो खरोखर कधी मिळाला, ईमेलने की टपालाने, हे तपासा. ती गेली असेल तर पुढचा हप्ता आपोआप कापण्याची परवानगी बँकेत लेखी देऊन रद्द करा. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरून वर्ष संपले की काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत येणारी रक्कम, मिळते. ते किती, याचा तक्ता तुमच्या कागदांत आहे. कंपनीकडून लेखी आकडा मागवा. नुकसान होईल. पण ते भरलेल्या ५० लाखांतले असेल, अडीच कोटींतले नाही. "१० टक्के, करमुक्त" हे मॅनेजरनी संदेशात किंवा कागदावर लिहून दिले असेल तर ते जपून ठेवा. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे दाद लागली नाही तर अहमदाबादला विमा लोकपालांकडे. वकील लागत नाही, फी नाही.

आता घरांकडे येऊ. इथे कर आणि स्वप्न एकमेकांत गुंततात, आणि माणूस कर वाचवायच्या भरात नको ते घर घेतो.

५४एफ ची सूट पूर्ण हवी असेल तर नुसता नफा नाही, विक्रीची सगळी रक्कम, म्हणजे ४ कोटी, एका घरात घालावी लागते. विक्रीपासून दोन वर्षांत खरेदी किंवा तीन वर्षांत बांधकाम. ३१ जुलैपर्यंत खर्च न झालेली रक्कम त्याआधी कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीमच्या खात्यात जायला हवी. नेहमीची एफडी चालत नाही. कमी रकमेचे घर घेतले तर सूट त्या प्रमाणात. सव्वा कोटीचे घेतलेत तर जेमतेम १८ लाख कर वाचतो. आणि एक अट अशी की विक्रीच्या दिवशी तुमच्या मालकीचे एकापेक्षा जास्त राहते घर नको. फ्लॅट एक. वाड्यातला पाचवा हिस्सा? हिश्शाला घर धरायचे की नाही यावर निकाल दोन्ही बाजूंनी झालेले आहेत. तुम्ही एका ओळीत उरकलेल्या त्या वाड्यावर तुमची सगळी सूट टांगलेली असू शकते. हे सीएला विचारल्याशिवाय एकाही एजंटचा फोन घेऊ नका.

कसौली दोन वाक्यांत संपते. हिमाचलात बाहेरच्या, शेतकरी नसलेल्या माणसाला जमीन घ्यायला १९७२ च्या कुळकायद्याच्या कलम ११८ खाली राज्य सरकारची परवानगी लागते; मुदत धावत असताना त्या वाटेला जाऊ नका.

कारैकुडीचे वाडे मला मनापासून आवडतात. बर्मी सागाचे खांब, आथंगुडीच्या टाइल्स, अंगणामागून अंगण. चेट्टियारांनी बर्मा आणि मलायाच्या व्यापारात कमावलेल्या पैशावर ते उभे राहिले, आणि दुसऱ्या महायुद्धात तो व्यापार कोसळल्यावर कित्येकांना कुलपे लागली. आज अडचण मालकीची आहे: एका वाड्याला भाऊबंदांचे डझनांनी हिस्से. दांडिया बाजारात पाचवा हिस्सा घेऊन बसलेल्या माणसाला मी वेगळे काय सांगू? तुमच्या त्या वाड्यापासून चार पावलांवरचा तांबेकर वाडा पाहा. तिथली भिंतीवरची जुनी चित्रे आज आहेत ती भारतीय पुरातत्त्व खाते तो वाडा सांभाळते म्हणून. लक्ष्मी विलास राजवाडाही आता संग्रहालय, गोल्फ कोर्स आणि समारंभांच्या भाड्यावर चालतो. मोठ्या घराला रोज पैसा लागतो. तो कुणाच्या तरी खिशातून यावाच लागतो.

गोव्याचे घर तुमच्या यादीत सगळ्यात मोहक आणि सगळ्यात धोक्याचे. तिथे पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे विकताना सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार, जगात कुठेही असोत, यांच्या सह्या लागतात. वारसांच्या वाटणीची न्यायालयीन कार्यवाही पूर्ण झाल्याचा कागद पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. मग एजंटचे १० टक्के. सव्वाचार कोटींचे १० टक्के म्हणजे साडेबेचाळीस लाख. घर वर्षात १२० रात्री १५ हजारांनी गेले असे उदार मनाने धरू: १८ लाख. त्यातून चालवणाऱ्याचा वाटा, नोकर, वीज, धुलाई, दर पावसाळ्यानंतर कौले आणि चुन्याचा गिलावा, शिवाय पर्यटन खात्याची नोंदणी. ७-८ लाख उरले तर नशीब. दोन टक्केसुद्धा नाहीत. आणि ज्या हिवाळ्यात तुम्हाला बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, बसायचे आहे, त्याच हिवाळ्यात तिथे पाहुणे असणार.

सेवासीचा बंगला यात सगळ्यात शहाणा. भाषा आपली, डॉक्टर ओळखीचे, मुलीला पुण्याहून येणे सोपे, गुजरातचे मुद्रांक शुल्क ४.९ टक्के. एजंट म्हणेल, वहिनींच्या एकट्याच्या नावावर घ्या, १ टक्का नोंदणी फी माफ होते. साडेतीन लाखांच्या त्या माफीसाठी ५४एफ वर वाद ओढवून घेऊ नका. प्लॉट तुमच्या नावावर होता, घरही तुमच्याच नावावर हवे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी सेवासीच्या रस्त्यावर कुठवर आले होते, हे शेजारच्या जुन्या रहिवाशाला विचारा, बिल्डरला नव्हे.

तरीही मी तुमच्या जागी असतो तर यातला एकही घेतला नसता. सांगतो का.

सव्वाचार कोटींचे घर घेतलेत तर प्लॉटचे पैसे संपले, वर पीएफमधले निदान पाऊण कोटीही गेले, आणि ५० लाख पॉलिसीत अडकलेले. वर्षाचा घरखर्च ११ लाख, मोठ्या घराची निगा ६-७ लाख. महागाई धरली तर उरलेला पीएफ निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांत आटतो. तेव्हा तुम्ही ६२-६३ चे असाल, वहिनी ५९-६० च्या, आणि हाती एक सुंदर घर, जे विकल्याशिवाय औषधे येणार नाहीत. सेवासीचा बंगला स्वस्त, म्हणून हीच गोष्ट काही वर्षे उशिरा घडेल, एवढाच फरक. ५८ लाख कर वाचवायला चार कोटी विटांत पुरायचे, हा सौदा तुमच्यासाठी तोट्याचा आहे.

उलट बाजू पाहा. १८ जूनच्या आत ५४ईसी रोख्यांत ५० लाख घाला. व्याज सव्वापाच टक्के, करपात्र, पाच वर्षे बंद. पण साडेसात लाख कर वाचतो, म्हणून चालेल. कर ५१ लाखांवर येतो. तो भरून, पॉलिसीतले ५० लाख तूर्त विसरून, तुमच्याकडे रोख्यांसकट ३ कोटी राहतात आणि पीएफ धरून ४ कोटी १० लाख. त्यातून वर्षाला १४ लाख, महागाईबरोबर वाढत जाणारे, सावधपणे काढता येतात. साठाव्या वर्षी त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, पाच वर्षांच्या खर्चाएवढे ठेवींत, बाकी साध्या इंडेक्स फंडात आणि चांगल्या कर्जरोखे फंडात. वहिनींच्या नावाचा आरोग्य विमा पत्रात कुठे दिसला नाही. कंपनीचा विमा तुमच्या निवृत्तीबरोबर संपतो, तो आजच बाहेर घ्या.

आणि हळदोणे? नोव्हेंबर ते जानेवारी भाड्याने घ्या. महिना दोन लाख धरले तरी तीन महिन्यांचे ६ लाख, म्हणजे विकत घेतलेल्या घराची वर्षाची निगा तेवढीच. सगळे वर्षाच्या १४ लाखांत दरसाल बसणार नाही. पगार चालू असलेल्या या दोन वर्षांत दोनदा सहज बसते. पुढच्या हिवाळ्यात कारैकुडी. तिथले काही वाडे हॉटेल झालेले आहेत, दोघांनी आठवडाभर राहून या.

तरीही सेवासीचा मोह सुटत नसेल, तर निदान निर्णय होईपर्यंतचा वेळ कायद्याने विकत घ्या: घरावर खरोखर खर्च कराल तेवढीच रक्कम ३१ जुलैच्या आत कॅपिटल गेन्स खात्यात. बाकीच्या नफ्यावरचा कर आत्ताच भरा. खात्यातली रक्कम मुदतीत घरात गेली नाही तर तीन वर्षे पूर्ण होताना त्यावर कर लागेल, एवढे लक्षात ठेवा.

सीएकडे जाताना बरोबर न्या: २००४ चा आणि डिसेंबरचा असे दोन्ही दस्तावेज, २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा आयकर खात्याचा तक्ता), पॉलिसीचा पूर्ण कागद, आणि वाड्याचे प्रॉपर्टी कार्ड. त्यावर अजून तुमच्या वडिलांचेच नाव असेल तर तेही त्यांना आधीच सांगा. बँकेत मात्र त्याही आधी जा, आणि ऑटो डेबिट रद्द केल्याची शिक्क्याची पोच घेऊनच बाहेर पडा.