९० किलोचा स्वार आणि दोन दाती घोडा: बसावं की नाही?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सारंगखेड्याच्या यात्रेतून ५८ इंची, आखूड पाठीचा, भरल्या छातीचा तरणा घोडा आणला. विकणाऱ्याने वय चार वर्षं सांगितलं, पण तोंडात मधले दोनच पक्के दात आहेत. तुमचं वजन ९० किलो. इंग्लंडमधला कॉब, म्हणजे तिकडचा ठेंगणा पण जाड हाडाचा घोडा, १४ स्टोन, म्हणजे साधारण ८९ किलो, वाहून नेतो असं तुम्ही वाचलंत, आणि आपला घोडाही तसाच ठेंगणा-ठुसका दिसतो. मग बसायला हरकत काय?

आत्ता बसू नका. आणि तो पुरता वाढला तरी तुमच्या रोजच्या स्वारीचा होईल, असं त्याच्या मापांवरून वाटत नाही.

आधी वयाचं बघू. घोड्याचे मधले दुधाचे दात पडून पक्के येतात ते अडीच वर्षांच्या सुमारास, त्यांच्या शेजारचे साडेतीनला आणि कडेचे साडेचारला. तुमच्या घोड्याला दोनच आहेत, म्हणजे अडीच उलटलीत आणि साडेतीन व्हायचीत. चार वर्षांचा असता तर खाली चार आणि वर चार पक्के दिसले असते. आपल्याकडे घोळ होतो तो बैलामुळे. गोऱ्हा दोन दाती झाला की त्याला हळूहळू जुंपायची सवय आहे, तोच हिशोब लोक घोड्याला लावतात. पण बैल मानेवर जू घेऊन ओढतो आणि घोडा तुम्हाला पाठीच्या मधोमध उचलतो. पायाच्या नळीचं खालचं टोक वर्षभरात पक्कं होतं, गुडघ्याच्या वरचं हाड दोन-अडीच वर्षांत. पाठीचे मणके सगळ्यांत शेवटी पक्के होतात, पाच-साडेपाच वर्षांपर्यंत, कधी त्याच्याही पुढे. पाय मजबूत दिसतात म्हणून पाठ तयार झाली असं होत नाही. ठेंगण्या, जाड हाडाच्या जातीही यात लवकर तयार होत नाहीत. त्या फक्त लवकर मोठ्या *दिसतात*.

आता वजन. घोड्याचं वजन डोळ्यांनी ठरवू नका, भले भले ५०-६० किलोने चुकतात. खानदेशात तर सोय घराजवळ आहे: कुठल्याही जिनिंगचा किंवा मार्केट यार्डाचा वजनकाटा. घोडा पिकअपमध्ये चढवून एकदा वजन, उतरवून एकदा वजन. दोन्ही वेळा ड्रायव्हर गाडीत किंवा दोन्ही वेळा बाहेर. काटा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने दाखवतो, तेवढा फरक धरून चाला. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग असते, तेव्हा दुपारी जा.

काटा नसेल तर शिंप्याचा टेप. सकाळी चारा घालण्याआधी, घोडा सपाट जमिनीवर चारही पाय सरळ ठेवून उभा. पुढच्या पायाच्या कोपराच्या लगेच मागून, वर मानेच्या शेवटी जो उंचवटा असतो त्याच्या मागून टेप फिरवायचा. श्वास सोडल्यावर आकडा घ्यायचा. दुसरं माप खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलो येतात. तुम्ही दिलेली मापं १६८ आणि १५० आहेत, म्हणजे ३५६ किलो. टेप पोटावर सरकला तर घेर पाच-सात सेंटिमीटरने वाढतो आणि उत्तर वीस-तीस किलोने फुगतं, म्हणून दुसऱ्या माणसाला पलीकडच्या बाजूने टेप धरायला सांगा.

सर्वसाधारण नियम असा की स्वार, कपडे, बूट, खोगीर, नमदा, रिकिबी, पाण्याची बाटली, सगळं मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं. अमेरिकेत ओहायोमध्ये २००८ साली आठ प्रौढ घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझं घालून तपासलं होतं. २५ आणि ३० टक्क्यांवर नाडी चढली, स्नायू दुखावल्याची लक्षणं वाढली. हे घोडे प्रौढ होते हे विसरायचं नाही. तरण्या घोड्याला मी सुरुवातीला १५ टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही.

तुमचा हिशोब मांडा: ९० किलो तुम्ही, ११ किलो खोगीर-बूट धरून, एकूण १०१. भागिले ३५६. अठ्ठावीस टक्के. तरणा घोडा, कच्ची पाठ आणि अठ्ठावीस टक्के. हा घोडा पुरा वाढून ४१० किलोचा झाला तरी तुम्ही पंचवीस टक्क्यांच्या जवळच राहता. आणि हे झालं उभ्या घोड्याचं. चाल धरली की खोगिराखालचा दाब वाढतो: कदमात (साध्या चालीत) वजनाच्या थोडाच वर, दुडकीत जवळपास दुप्पट, कँटरमध्ये (हलक्या दौडीत) अडीच पटीच्या आसपास. म्हणून 'एक चक्कर मारून बघितली, काही झालं नाही' याला काही अर्थ नसतो. त्या दिवशी काही दिसत नाही, दिसतं ते सहा-आठ महिन्यांनी.

कॉबच्या तुलनेत तथ्य आहे, पण अर्धंच. तिकडच्या प्रदर्शनांत कॉब ६१ इंचांपर्यंतचाच असतो, पण १४ स्टोनपर्यंतच्या हलक्या गटालाही गुडघ्याखाली नळीचा घेर निदान साडेआठ इंच, म्हणजे साडेएकवीस सेंटिमीटर लागतो. उंची कमी, पण हाड मोठं, कंबर रुंद, आणि वजन आपल्या ५८ इंची घोड्यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय ते पुरे वाढलेले घोडे. ओहायोच्या त्या चाचणीतही रुंद कंबरेच्या आणि जाड नळीच्या घोड्यांचे स्नायू कमी दुखावले होते, तेव्हा बांधा महत्त्वाचा आहे हे खरंच. तुमच्या घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाला गुडघ्याच्या खाली टेप लावून बघा. साडेसात इंचांच्या आत आला तर कॉबचं नाव सोडून द्या.

आणि ठुसका म्हणजे ताकदवान असंही नसतं, बऱ्याचदा ती चरबी असते. यात्रेच्या आधी दोन महिने घोडा गूळ, हरभरा, तूप खाऊन चकचकीत केलेला असतो. बरगडीवरून तळहात फिरवा: हलक्या दाबाने बरगड्या लागल्या पाहिजेत, नुसत्या डोळ्यांना दिसू नयेत. दाबूनही लागत नसतील तर त्या ३५६ मधले पंचवीस-तीस किलो हे त्याच्या स्वतःच्या पायांवरचं ओझं आहे. त्याचे २० टक्के काढून आपल्याला सूट घेता येत नाही.

खोगिराचा मुद्दा सहसा कुणी विचारात घेत नाही. ९० किलोच्या माणसाला बैठक मोठी लागते, साडेसतरा-अठरा इंचांची. आखूड पाठीच्या घोड्याला तेवढी जागाच नसते. शेवटची बरगडी बोटांनी शोधा, ती वर पाठीच्या कण्यापर्यंत जिथे पोहोचते तिथे खडूची खूण करा. खोगिराचा भार टाकणारा भाग त्या खुणेच्या मागे जाता कामा नये. मागे बरगड्यांचा आधार नाही, नुसती कंबर आहे. तिथे वजन पडलं की घोडा पाठ खाली सोडून, मान वर करून चालायला लागतो आणि मालक म्हणतो, 'वा, मान कशी उचलतो!' खोगीर काढल्यावर घामाचा ठसा बघायचा. सगळीकडे सारखा ओला हवा. मध्ये हाताएवढे कोरडे डाग असतील तर तिथे दाब इतका आहे की घामही सुटलेला नाही. पुढे तिथेच केस पांढरे येतात. उंचवट्यावर, तुम्ही बसलेले असताना, दोन-तीन बोटं आत गेली पाहिजेत.

मग या घोड्याचं करायचं काय? साडेतीन होईपर्यंत, म्हणजे दुसरी जोडी निघेपर्यंत, पाठीवर माणूस नको. मोरखी घालून हाताने चालवा, रस्त्यावरच्या ट्रॅक्टर-मोटरसायकलची सवय लावा. दोरीवर गोल फिरवायचं तर वर्तुळ निदान पंधरा-वीस मीटर रुंद ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबवा. लहान वर्तुळात आतल्या पायाचे सांधे एका बाजूने घासतात. मागून लांब लगाम धरून चालवणं सगळ्यांत उत्तम. वळणं, थांबणं, मागे सरकणं सगळं त्यातच शिकतो आणि पाठीवर काहीच नसतं. रिकामं खोगीर शेवटच्या दोन महिन्यांत घाला, तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, एका दमात कसू नका.

साडेतीननंतर घरातला हलका माणूस, खोगिरासकट ५५ किलोच्या आत, आठवड्यातून तीनदा, पंधरा-वीस मिनिटं, फक्त कदम. बसायचं ओट्यावरून किंवा बैलगाडीच्या कडेवरून. जमिनीवरून रिकिबीत लोंबकळून चढलं की खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि कणा पिळतो, स्वार हलका असला तरी. दोन-तीन महिन्यांनी थोडी दुडकी. साडेचारला सगळे दात पक्के झाले की कँटर आणि जरा लांबची रपेट. वाटेत जमीनही बघा. तापीच्या खोल वाळूत नळीच्या मागची शीर ताणते, पावसाळ्यात काळ्या रानात पाय रुततात, डांबरावर दुडकी चालवली की नळीच्या पुढच्या बाजूला दुखणं येतं. नांगरट नसलेली कडेची गाडीवाट सगळ्यांत बरी. आणि एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४३-४५ वर असतो तेव्हा सकाळी आठच्या आत उरकायचं, नाहीतर त्या दिवशी सोडून द्यायचं.

खाण्यात एक गोष्ट हाडांशी थेट जोडलेली आहे. गव्हाचा कोंडा आणि हत्ती गवत एवढ्यावरच तरणा घोडा वाढवला तर कॅल्शियम कमी पडतं. कोंड्यात फॉस्फरस जास्त, आणि हत्ती गवतातलं ऑक्झलेट असलेलं कॅल्शियमही अडवून ठेवतं. हाड मऊ राहतं, पुढे जबडा फुगतो, लंगडणं सुरू होतं. दादर ज्वारीचा कडबा असेल तर उत्तम, सोबत लसूणघास, कोंडा मूठभर, मीठ रोज दोन-तीन चमचे. म्हशीचं तयार पशुखाद्य घोड्यासमोर ठेवू नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याला जीवघेणं आहे.

ओझं जास्त होतंय हे ओळखायचं असेल तर दोन तपासण्या पुरेत. पहिली नाडी. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला आतून बोट सरकवलं की शीर टपटपते; पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. आरामात २८ ते ४४. फेरी संपवून खोगीर उतरवून दहा मिनिटांनी ती ६०-६४ च्या खाली यायला हवी. दुसरी पाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी कण्यापासून चार बोटं बाहेर, दोन्ही बाजूंना, उंचवट्यापासून कंबरेपर्यंत बोटांच्या टोकांनी दाबत जा. कातडी थरथरली तर ते माशीमुळेही असेल. पाठ खाली गेली, कान मागे गेले, पाय उचलला, तर तिथे दुखतंय; आठवडाभर स्वारी बंद, आणि तरीही राहिलं तर घोडे बघणारा पशुवैद्य. तंग आवळताना चावायला येणं, बसताना पुढे सरकणं, ठेचकाळणं, यालाही लोक 'नाटकं' म्हणतात. शिकवणीआधी पाठ तपासा.

लग्नसराईबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी मागायला येईलच. नवरदेव, पुढे करवला, जड झूल, आणि डीजेसमोर तीन तास उभं. उभ्या घोड्यावर तासन्‌तास राहिलेलं ओझंही पाठीला वाईट, कारण स्नायूंना आळीपाळीने सैल व्हायला मिळतच नाही. घोडा पाच वर्षांचा होईपर्यंत नाही म्हणा.

तुम्हाला स्वतःला हाच घोडा वापरायचा असेल तर तो चार वर्षांचा झाल्यावर हलका टांगा हा चांगला मार्ग आहे. सपाट रस्त्यावर चाकांवर घोडा स्वतःच्या वजनाएवढं ओढू शकतो, फक्त टांग्याचा तोल असा हवा की दांड्यांचा भार पाठीवर नावापुरता पडेल.

आणि बसायचंच असेल तर दुसरा घोडा बघा. १०१ किलो एकूण ओझ्याला २० टक्क्यांनी ५०५ किलोचा घोडा लागतो, आपल्याकडे तो सहज मिळत नाही. तुम्ही ८० वर आलात आणि सिंथेटिक हलकं खोगीर घेऊन बाकी सामान ६ किलोत बसवलंत तर ४३० किलोचा चालतो, म्हणजे ६१-६३ इंची, रुंद कंबरेचा, सहा ते दहा वर्षांचा मारवाडी. पुढच्या यात्रेला जाताना टेप खिशात ठेवा. घोडा घेण्याआधी विकणाऱ्याच्या पोराला बसवून नव्हे, स्वतः बसून वीस मिनिटं कदम आणि दुडकी चालवा, खोगीर काढून ठसा बघा, आणि जमलं तर मुक्काम करून सकाळी पाठ दाबून मगच पैसे मोजा.