पवना जलाशयावर लेझर, एंटरप्राइझ की होबी १६? वेगाची तुलना कशी करायची?

तुमचा प्रश्न असा आहे: गाडीमागे ट्रेलरवर पुण्याहून पवना धरणावर नेता येईल अशी शिडाची लहान बोट घ्यायची आहे, जुन्या लेझर, एंटरप्राइझ आणि होबी १६ नजरेत आहेत, यांतली जास्त वेगवान कोणती?

आडव्या वाऱ्यात सरळ रेषेत पळवायची असेल तर होबी, आणि तीही बऱ्याच फरकाने. पण धरणाच्या पाण्यावर सरळ रेषा फार वेळ मिळत नाही, त्यामुळे उत्तर एवढ्यावर संपत नाही.

आधी आकडे. लेझर (हिचं स्पर्धेतलं आजचं नाव आयएलसीए ७) ४.२३ मीटर लांब, हल (बोटीचं मुख्य अंग) ५९ किलोचा, शीड ७.०६ चौरस मीटर, माणूस एक. एंटरप्राइझ ४.०४ मीटर, हल ९४ किलो, मेन (मोठं शीड) आणि जिब (पुढचं लहान शीड) मिळून साडेदहा चौरस मीटर, माणसं दोन. होबी १६ म्हणजे दोन हलांची कॅटामरान: ५.०५ मीटर लांब, २.४१ मीटर रुंद, वजन १४५ किलो आणि शीड २० चौरस मीटरच्या वर.

इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या बोटी एकत्र शर्यतीत उतरवायला पोर्ट्समथ यार्डस्टिक नावाचा आकडा वापरतात. लागलेला वेळ गुणिले १०००, भागिले त्या बोटीचा आकडा. हे आकडे थोडे बदलत राहतात, पण लेझर ११०० च्या आसपास, एंटरप्राइझ ११२० च्या आसपास आणि मुलांची ऑप्टिमिस्ट १६४० च्या आसपास असते. म्हणजे लेझरला ६० मिनिटं लागतात तिथे एंटरप्राइझला ६१ आणि ऑप्टिमिस्टला जवळजवळ ९०. लेझर आणि एंटरप्राइझमधला हा एक मिनिटाचा फरक विसरून जा. चालवणाऱ्याची एक चूक त्याहून महाग पडते. होबीसारख्या कॅटामरानची मोजपट्टी वेगळी असते, त्यामुळे तिचा आकडा या दोघींशेजारी ठेवून काही निघत नाही.

आता धरणाचं गणित. वारा जिकडून येतो तिकडे ४०० मीटर वर जायचं आहे असं समजा, वारा १० नॉटच्या आसपास (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). पुढचे आकडे मी धरून चाललोय, पण वास्तवाला धरून आहेत. लेझर साडेचार नॉटने, वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन करून जाते. वाऱ्याच्या दिशेने तिची प्रगती ३.२ नॉट, म्हणजे ४०० मीटरला साधारण २४४ सेकंद. होबी ७ नॉटने पळते, पण तिला वाऱ्यापासून ५५ अंश दूर राहावं लागतं. प्रगती ४ नॉट, १९४ सेकंद. होबी ५० सेकंदांनी पुढे.

यात टॅक (नाक वाऱ्यातून पलीकडे नेऊन बाजू बदलणं) मोजलेले नाहीत. लेझर नीट टॅक केली तर दोनेक सेकंद जातात. होबीला प्रत्येक टॅकमध्ये दहा सेकंद सहज जातात, कारण दोन लांब हल पाण्यात फिरवायचे असतात, वजन कमी असल्याने बोट वाऱ्यात लगेच थांबते आणि फिरायला टेकू देणारा सेंटरबोर्डही (तळातून पाण्यात उतरणारी फळी) नसतो. दर टॅकला आठ सेकंदांचा तोटा. सहा टॅकमध्ये ४८ सेकंद गेले, सातव्या टॅकला लेझर पुढे. आणि पवनेच्या चिंचोळ्या भागात ४०० मीटरला सात टॅक काहीच नाहीत. काठ जवळ असतोच, शिवाय लोहगड, तुंग, तिकोन्याच्या मधून येणारा वारा सारखा दिशा बदलतो, आणि प्रत्येक बदलाला टॅक केला नाही तर वर चढता येत नाही.

होबी घ्यायचीच असेल तर टॅक असा करा. आधी वेग येऊ द्या, थांबत आलेली बोट वळवायला जाऊ नका. टिलर (सुकाणूचा दांडा) सावकाश पण पूर्ण ढकला. नाक वाऱ्यात आलं की मेनची शीट (दोरी) हातभर ढिली सोडा. जिब मात्र लगेच सोडू नका. तिच्यात उलट्या बाजूने वारा भरू द्या, तोच नाक फिरवतो. नाक पलीकडे गेलं की जिब बदला, मग मेन ओढा. बोट मागे सरकायला लागली तर सुकाणू उलट करा. नवशिके इथेच अडकतात: जिब लवकर सोडतात आणि वाऱ्याकडे तोंड करून बसून राहतात.

हिवाळ्यातल्या सकाळी वारा तीन-चार नॉटच असतो. तेव्हा पाण्याला घासणारा पृष्ठभाग महत्त्वाचा ठरतो आणि दोन हलांमुळे होबी चिकटल्यासारखी होते. या वाऱ्यात दोन हलकी माणसं असलेली एंटरप्राइझ तिघींत मला सगळ्यात उजवी वाटते. लेझरमध्ये पुढे, डॅगरबोर्डला (सरळ खाली खोचायची फळी) चिकटून बसा, बोट वाऱ्याच्या उलट बाजूला किंचित कलती ठेवा म्हणजे शीड स्वतःच्या वजनाने आकार धरतं, आणि किकर (शिडाखालचा आडवा दांडा खाली ओढणारी दोरी) ढिला सोडा. मागे बसलात तर ट्रान्सम (बोटीची मागची सपाट बाजू) पाणी ओढत राहतो. बरेच लोक मागेच बसतात.

एप्रिल-मेच्या दुपारी पश्चिमेचा वारा चढतो तेव्हा चित्र पालटतं. बारा नॉटच्या पुढे लेझर आडव्या वाऱ्यात पाण्यावर उचलली जाते. एंटरप्राइझ एकट्याने घेऊन जाऊ नका, ते शीड दोघांच्या वजनासाठी आहे. लेझरमध्ये याला सोय आहे: मास्टचा (डोलकाठीचा) फक्त खालचा भाग आणि शीड बदललं की तीच बोट ५.७६ किंवा ४.७ चौरस मीटरची होते. मात्र वारा थेट पाठीमागून असताना लेझर डोलायला लागते आणि वाऱ्याच्या बाजूलाच उलटते. थोडी तिरकी चालवा, किकर फार सोडू नका.

उलटण्याचंही बघा. लेझर एकटा माणूस डॅगरबोर्डवर उभा राहून दोन मिनिटांत सरळ करतो. जुनी एंटरप्राइझ पाणी भरून वर येते, उपसायला वेळ लागतो. होबी साठ-सत्तर किलोच्या एकट्या माणसाकडून बहुधा सरळ होत नाही, आणि मास्टमध्ये पाणी शिरलं तर पूर्ण पालथी होते. सोबत दुसरी बोट नसेल तर एकट्याने होबी नकोच.

मे महिन्यात धरण खाली जातं, तेव्हा बुडालेले खडक, झाडांचे बुंधे, जुने बांध पाण्याच्या पातळीजवळ येतात. एंटरप्राइझचा सेंटरबोर्ड बिजागरीवर फिरतो, धडकला की वर उचलला जातो. लेझरचा डॅगरबोर्ड सरळ खोचलेला असतो, धडक थेट त्याच्या खाचेला बसते आणि तिथे तडा जातो. होबीला हा प्रश्न नाही, पण रुंद होबी चिखलातून पाण्यापर्यंत ढकलत न्यायला तीन माणसं लागतात. तिचा मास्ट आठ मीटरच्या आसपास आणि अखंड असतो. तो उभा करायच्या आधी वर विजेच्या तारा नाहीत ना ते पाहाच. लेझरचा मास्ट दोन तुकड्यांत येतो आणि पंधरा-वीस मिनिटांत बोट तयार होते. आणि हो, धरण जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं, बोट उतरवायच्या आधी परवानगीचं विचारून घ्या.

एकटेच जाणार असाल तर लेझर, घरचं कोणी नेहमी सोबत असेल तर एंटरप्राइझ, असं माझं मत. तरी घेण्याआधी स्वतः मोजा. दोन बोया (तरंगत्या खुणा) ४०० मीटरवर, एक वाऱ्याकडे, एक खाली. फोन पाणी न शिरणाऱ्या पाकिटात घालून जीपीएस चालू ठेवा. दोन्ही बोटी एकाच वेळी सोडा, तीन फेऱ्यांनंतर चालवणारे अदलाबदल करा आणि पुन्हा तीन फेऱ्या. सर्वाधिक वेग बघू नका, तो एका झोताचा असतो. वरच्या बोयापर्यंतचा वेळ लिहा.

जुनी लेझर असेल तर मोकळा हल काट्यावर ठेवा. ६५ किलो भरला तर आत पाणी आहे. मग मास्टच्या भोकात काठोकाठ पाणी ओतून अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर तळ फुटलाय, जोराच्या वाऱ्यात मास्ट डेक फाडून बाहेर येईल. अशी बोट स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.